दर दोन तासांनी

कुत्र्याला कोणती भाषा कळते, हा प्रश्न बेळगावात विचारायचा तर जरा जपूनच विचारावा लागतो. आमच्या घरात मराठी, डाव्या हाताच्या घरात कन्नड, समोरच्या घरात कोकणी. आणि दूधवाला, भाजीवाली, रिक्षावाला यांच्याशी ज्या वेळी जी तोंडाला येईल ती. अशा आमच्या शहापुरातल्या गल्लीत जून २०२२ मध्ये दोन महिन्यांचे एक कुत्र्याचे पिल्लू आले. दिवाळीपर्यंत त्याला 'ये' कळू लागले, 'बा' कळू लागले, 'नको' आणि 'ब्याड' हे दोन्ही एकाच अर्थाचे शब्द आहेत आणि दोन्ही सारखेच दुर्लक्ष करण्याजोगे आहेत, हेही त्याला कळले. पण त्याला जो पहिला धडा द्यायचा होता, तो कोणत्याच भाषेत सांगता येत नव्हता. शू कुठे करायची, एवढाच तो धडा. विषय काही दिवाळी अंकाला शोभणारा नाही, हे मी जाणून आहे. पण ज्या घरात लहान मूल, म्हातारे माणूस किंवा मुके जनावर आहे, त्या घराला हा विषय नवा नाही.

पिल्लू आणले आमच्या लेकीने. ती बेंगळूरला नोकरी करते. तिच्या मैत्रिणीच्या कुत्रीला चार पिल्ले झाली, त्यांतले एक टोपलीत घालून ती गाडीने घेऊन आली. "आई, तुम्हांला सोबत होईल," म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. पिल्लू म्हणजे पिंजलेल्या कापसाचा गोळा, त्यात दोन काळे मणी आणि एक काळे बोंड. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला, त्यातला टफी घराघरांत आवडता झाला, आणि आपल्याकडे पांढरे झुबकेदार कुत्रे दिसले की त्याला पॉमेरेनियन म्हणायची रीतच पडून गेली. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर मात्र म्हणाले, "बाई, ही इंडियन स्पिट्झ. पूर्ण वाढली तरी पाच-सहा किलोच्या वर जायची नाही."

नाव ठेवले अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे सासरे. तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे. हायस्कुलात जन्मभर संस्कृत शिकवलेले. ते म्हणाले, "कुत्र्याला संस्कृतात सारमेय म्हणतात. देवांची कुत्री सरमा, तिचं अपत्य ते सारमेय. ही मुलगी आहे, तेव्हा हिला सरमाच म्हणा." आम्ही तिची सरू केली. शेजारच्या अज्जींनी तिची 'सरी' केली. कन्नडमध्ये 'सरि' म्हणजे बरोबर, ठीक. अज्जी फोनवर धारवाडच्या लेकीला "सरि, सरि" म्हणू लागल्या की आमच्याकडे हिचे कान उभे राहायचे.

इथे अण्णांविषयी थोडे सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले होते. ऑपरेशन चांगले झाले, पण लघवीवरचा ताबा पूर्वीसारखा राहिला नाही. लागली की लगेच जावे लागे, आणि त्र्याऐंशीव्या वर्षी 'लगेच' हा शब्द पायांना कळत नाही. हे त्यांनी कधी कुणाला सांगितले नाही. त्यांनी पाणी पिणे कमी केले. मग वाचनालयात जाणे थांबवले. मग देवळातल्या कीर्तनाला जाणे. "आता कंटाळा येतो," एवढेच म्हणायचे. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, आग होते, पुन्हा पुन्हा लागते, आणि मग जंतुसंसर्ग. मार्च २०२२ मध्ये ताप येऊन तीन दिवस दवाखान्यात राहिले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले होते, पाणी भरपूर प्यायचे आणि लागो वा न लागो, घड्याळ लावून दर दोन तासांनी जाऊन यायचे. मूत्राशयालाही वळण लागते. यांनी हौसेने गजराचे घड्याळ आणून अण्णांच्या उशाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी ते कपाटात, धोतरांच्या घडीखाली सापडले. अण्णा त्याविषयी काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. पहाटे कुणी उठायच्या आत मी चादर भिजत घालायची. अण्णा जागे असायचे. त्यांनी मला पाहिलेले मला कळायचे, आणि मग आम्ही दोघे पावसाविषयी बोलायचो.

अशा घरात सरमा आली.

गुरांच्या डॉक्टरांनी लसीचा कागद देताना मला पंधरा मिनिटे बसवून सगळे समजावले. दोन महिन्यांच्या पिल्लाला ताबा असा नसतोच. महिन्यांत एक मिळवायचा, तितके तास म्हणजे कमाल. तोही नेम नाही. लहान जातीच्या कुत्र्याची पिशवीच लहान, त्यामुळे मोठ्या कुत्र्याला जे महिन्या-दीड महिन्यात साधते त्याला हिला चार-सहा महिने लागले तर नवल मानू नका. झोपून उठली की न्या, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी न्या, खेळून दमली की न्या, आणि यांतले काहीच झाले नाही तरी दर दोन तासांनी न्या. नेहमी एकाच जागी. केले की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात येऊन दिलात तर तिला वाटेल घरात आल्याबद्दल मिळाला. आणि लसी पुऱ्या होईपर्यंत, म्हणजे चार महिन्यांची होईतो, रस्त्यावर पाय ठेवू द्यायचा नाही.

रस्ता नाही तर नाही, आमच्या मागे परडे होते. परड्यात पारिजातक, त्याच्या बुंध्याशी हातभर मोकळी माती. ती सरमेची जागा ठरली. आंब्याचा हंगाम नुकताच संपत होता, घरात देवगडहून आलेली लाकडी पेटी रिकामी पडली होती. तिची एक बाजू काढून, खिळे ठोकून सपाट करून, आत जुनी गोधडी घातली. ही तिची झोपायची खोली. कुत्र्याचे पिल्लू आपली झोपायची जागा शक्यतो ओली करत नाही. आईपासून ते हे शिकूनच येते. जागा मात्र अंग वळवण्यापुरतीच हवी. मोठी खोली दिली तर ते एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्याचा संडास करते. खाऊ म्हणून चिरमुरे. एका वेळी एक. बेळगावात चिरमुऱ्याची कधी वाण पडत नाही, आणि एका चिरमुऱ्याने कुणाचे पोट बिघडत नाही. तो तिच्या जिभेवर ठेवला की ती असा काही आनंद करी, की जणू मी तिला शेरभर कुंदा दिला आहे.

कालनिर्णयाच्या जुन्या पानामागे मी वेळापत्रक लिहिले. पहाटे साडेपाच, साडेसात, साडेनऊ, असे रात्री साडेदहापर्यंत. मध्ये एकदा अडीच वाजता. पण हे वेळापत्रक पाळायचे कुणी? मला स्वयंपाक, यांना दुकान. मागच्या दाराशी अण्णांची आरामखुर्ची होती. दिवसभर ते तिथेच पुस्तक घेऊन बसत. पिल्लाची पेटीही तिथेच ठेवली होती, कारण दार जवळ. चार दिवसांनी दुपारी मी भाकऱ्या थापत होते, तर हाक आली, "सूनबाई, सरमा प्रदक्षिणा घालते आहे!"

अण्णांनी तिचा अभ्यास केला होता. आधी ती खेळता खेळता एकदम थांबते, मग नाक जमिनीला लावते, मग एक गोल फेरी, दुसरी फेरी, तिसरी लहान होत जाते, आणि तिसरीच्या शेवटी काम होते. "पहिल्या फेरीला हाक मारली तर वेळ मिळतो. दुसरीला मारली तर पळावं लागतं," अण्णा म्हणाले. जन्मभर वर्गातल्या कुठल्या पोराचे लक्ष खिडकीबाहेर आहे हे ओळखणाऱ्या माणसाची ती नजर. आठवडाभरात हाक मारायचेही थांबले. मी हात धुऊन येईतो अण्णा काठी टेकत स्वतःच तिला घेऊन परड्यात उभे असायचे.

परड्यात पारिजातकाच्या अलीकडेच आमचे जुने न्हाणीघर आणि मोरी आहे. तिला घेऊन गेलेले अण्णा परत येताना तिथून जाऊन येत. ते मी पाहिले, आणि पाहिले नाही. साडेपाच, साडेसात, साडेनऊ. भिंतीवरचे वेळापत्रक सरमेचे होते. त्यावर दुसऱ्या कुणाचे नाव नव्हते. मी फक्त एवढे केले, की परड्यात जायच्या पायरीला आधाराचा लोखंडी कठडा बसवून घेतला. यांनी विचारले, कशाला? म्हटले, पावसात पाय घसरतो, माझा.

बेळगावचा पाऊस ठाऊक असलेल्यांना पुढचे सांगायला नको. जुलै लागला की इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. वीतभर उंचीच्या कुत्रीला गुडघाभर ओले गवत म्हणजे पूर आलेली नदीच. ती दारात उभी राहून परड्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि मागे फिरून कोरड्या फरशीवर मोकळी व्हायची. मग पडवीत पत्र्याचे मोठे ताट ठेवले, त्यात पारिजातकाखालची माती पसरली, म्हणजे तिला ओळखीचा वास लागावा. ताटाखाली आणि भोवती वर्तमानपत्रे. आमच्याकडे मराठी पेपर येतो आणि अज्जींकडचा कन्नड रद्दीत आमच्याकडे येतो. सरमेने दोन्हींना अगदी सारखा न्याय दिला. सीमाप्रश्नावर इतकी निःपक्षपाती भूमिका आमच्या भागात दुसऱ्या कुणी घेतलेली मी पाहिलेली नाही.

चुकायची ती चुकायचीच. दिवसातून एकदा, कधी दोनदा. फरशीवर झाले तर तिला न बोलता उचलून बाहेर नेणे आणि मागे येऊन पुसणे, एवढेच. पुसतानाही नुसते ओले फडके फिरवून भागत नाही. आपल्या नाकाला वास गेला तरी तिच्या नाकाला तो राहतो, आणि वास म्हणजे तिच्या लेखी पाटीच: 'संडास येथे आहे.' काळे फिनेल डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले होते, पिल्लाच्या पायाला आणि पोटाला ते वाईट. आधी कागदाने टिपून घ्यायचे, मग पाण्यात व्हिनेगर घालून पुसायचे, मग कोरडे करायचे.

येणारे-जाणारे सल्ले देत. एक दूरचे काका आले होते. फरशीवरचे तळे पाहून म्हणाले, "असं नाही जमायचं. मान धरून नाक घासा त्यात, आणि दोन चपट्या द्या. आमच्याकडे असंच शिकवत." सरमा पेटीत शिरून बसली होती. काका म्हणाले, "बघा, तिलाही कळतंय आपलं चुकलंय."

अण्णांनी पुस्तक मिटले. "महाभारत कुठून सुरू होतं, ठाऊक आहे का तुम्हांला?" त्यांनी विचारले. काका गडबडले. "आदिपर्वात जनमेजयाचं सत्र चाललेलं असतं. तिथे सरमेचं पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे जातं. ती विचारते, तू हविर्द्रव्याला तोंड लावलंस का? ते म्हणतं, तोंड लावलं नाही, पाहिलंसुद्धा नाही. मग सरमा भर यज्ञात जाऊन जाब विचारते. कुणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते, की निरपराध पोराला मारलंत, तुमच्यावर ध्यानीमनी नसेल असं भय येईल. सम्राटाला! एका कुत्रीनं!" थोडे थांबून म्हणाले, "ज्याला अपराध काय ते माहीत नाही, त्याला शिक्षा देऊन काय शिकतो तो? भीती तेवढी शिकतो."

रात्री हे मी लेकीला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, आजोबांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. अलेक्झांड्रा होरोवित्झ या अमेरिकेतल्या संशोधिकेने २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मालकाने कुत्र्याला खाऊ खायचा नाही असे बजावून बाहेर जायचे. मागे कधी त्या कुत्र्याला खाऊ देत, कधी देत नसत. परत आलेल्या मालकाला मात्र खरे-खोटे काहीही सांगत. कुत्र्याचा तो खाली मान घातलेला 'अपराधी' चेहरा, खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर होता. न खाताच बोलणी बसलेली कुत्री तर जास्तच ओशाळी दिसली. म्हणजे आपण ज्याला अपराधाची कबुली समजतो, ती आपल्या रागाची पोच असते.

मी हे अज्जींना सांगितले. त्यांना शास्त्राशी काही देणेघेणे नव्हते. ओट्यावर तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "ताळिदवनु बाळियानु." जो सोसेल, दम धरील, तो तगेल. कानडीत दम धरण्याला 'ताळ्मे' म्हणतात. आम्ही इकडे राहून इतकी वर्षे झाली, तरी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरला. ताट रोज वीतभर दाराकडे सरकवत, मग पायरीवर, मग परड्यात, असे करत शेवटी ते उचलून ठेवले. सरमा आता पाच महिन्यांची झाली होती. दिवसच्या दिवस कोरडे जाऊ लागले. मध्येच एखाद्या दिवशी सगळे विसरल्यासारखे करी. डॉक्टर म्हणाले, तेही होतेच, वेळापत्रक पुन्हा जवळजवळ आणा. पहाटे मी उठे, तेव्हा भिजत घालायला चादर नसे. अण्णांच्या उशाशी पाण्याचा तांब्या असे, आणि सकाळी तो रिकामा असे.

२४ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजन. घर भरलेले. नणंदेकडची मंडळी, अज्जी आणि त्यांचा नातू, यांच्या दुकानातले दोघे. पूजा झाली, फराळाची ताटे फिरत होती. एवढ्यात गल्लीतल्या कुणीतरी अगदी आमच्या दाराशी हजाराची माळ लावली. सरमा धावत जाऊन अण्णांच्या खुर्चीखाली शिरली. अण्णा दचकून उठायला गेले आणि पुन्हा बसले. माळ संपली, तेव्हा खुर्चीखालून पाण्याचा एक ओघळ शहाबादी फरशीवरून हळूहळू पुढे येत होता.

"अरे, कुत्रीनं केलं!" कुणीतरी म्हणाले. पोरे हसली.

दहाच मिनिटांपूर्वी मी सरमेला परड्यात नेऊन आणले होते. चिरमुरा दिला होता. खुर्चीखालून तिला ओढून घेतले तेव्हा तिची शेपटी, मागचे पाय, पोट, सगळे कोरडे होते. "फटाक्याला भ्याली बिचारी," मी म्हटले आणि फडके आणायला गेले. परत येऊन पाहते तो नणंदेचा धाकटा तिच्यापुढे बोट नाचवत "शेम, शेम" म्हणत होता आणि ती मान खाली घालून, कान पाडून बसली होती. अण्णांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते.

"तिला कुणी काही बोलायचं नाही," अण्णा म्हणाले. वर्गातला आवाज. खोली गप्प झाली. मग मीच कुणाकुणाला लाडू वाढायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावले, यांनी दिवा जरा दूर ठेवला, आणि अण्णा सावकाश उठून मागच्या दाराने गेले. सरमा त्यांच्यामागे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी दार उघडले, तर अण्णा आधीच कठड्याला धरून उभे होते. पारिजातकाखाली सडा पडला होता. सरमा आपल्या प्रदक्षिणा घालत होती.

"काल सरमेवर आळ घेतलास," अण्णा म्हणाले.

"हो."

"ती कोरडी होती."

"हो, अण्णा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सरमेचे काम झाले. ती धावत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसून वर बघू लागली. अण्णांनी माझ्या हातातल्या वाटीतून एक चिरमुरा घेतला, तिला दिला. मग आणखी एक घेतला.

"एका वेळी एकच द्यायचा असतो," मी म्हटले.

"हा कालचा," अण्णा म्हणाले. आणि मग, परड्याकडे बघत, "जनमेजयानं इतकंही केलं नाही. सूनबाई, वेळ झाली की हाक मारत जा. तिला मारतेस तशी मलाही मार. मी विसरतो कधी कधी."

अडीच वर्षांत त्या विषयावर आमच्या घरात बोलले गेलेले ते पहिले वाक्य.

फेब्रुवारी २०२३ मध्ये निपाणीला अण्णांच्या धाकट्या बहिणीच्या नातवाचे लग्न होते. बहीणभावंडांची तीन वर्षांत गाठ नव्हती. दर वेळी आमंत्रण आले की अण्णा "कंटाळा येतो" म्हणायचे. या वेळी पत्रिका वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "निपाणीला किती वेळ लागतो?" हे म्हणाले, "हायवे चांगला आहे, दीड तास धरा." अण्णांनी मनात काही हिशेब केला. "सरमेला एकटी ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "तिला घेऊन जाऊ."

घेऊन गेलो. मांडीवर सरमा, पायाशी पाण्याची बाटली, हातात घड्याळ. संकेश्वर जवळ आले तशी अण्णांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी जरा बाजूला घे. सरमेला जायचं आहे."

सरमा गाढ झोपली होती. गाडी थांबली तरी तिने डोळा उघडला नाही. यांनी मागे वळून तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अण्णांच्या बाजूचे दार उघडले. मीही तिला तशीच कुशीत घेऊन खाली उतरले, उसाच्या शेताच्या कडेला जरा लांब जाऊन उभी राहिले. चहाची टपरी जवळच होती. अण्णा परत आले, तेव्हा त्यांनी स्वतःहून एक पेला पाणी मागून घेतले, सगळे प्यायले, आणि वर चहाही.